आधी मान की आधी छाती? कळमन्याच्या एका अडत्याचं प्रकरण

मेंदूकडे रक्त नेणारी मानेतली नस आणि हृदयाच्या नसा दोन्ही तुंबलेल्या असताना आधी मानेची शस्त्रक्रिया करायची की छाती उघडून बायपास, असा हा प्रश्न होता. ओळख पटू नये म्हणून रुग्ण, कुटुंब आणि रुग्णालय यांचे काही तपशील बदलले आहेत. लिहिणारा हृदयशस्त्रक्रियांना भूल देणारा डॉक्टर आहे. त्यामुळे सर्जनच्या हातापेक्षा रक्तदाबाच्या आकड्याकडे माझं लक्ष जास्त असणार, हे वाचताना लक्षात ठेवावं.

पार्श्वभूमी

रुग्णाचं वय ६६. कळमना बाजारात संत्र्याची अडत, तीही वडिलांपासूनची. १४ वर्षांचा मधुमेह, त्याच्याही आधीपासूनचा रक्तदाब. बिडी पाच वर्षांपूर्वी सुटली होती, खर्रा सुटला नव्हता. विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून खर्रा बनतो, आणि तो खाणारा माणूस 'मी तंबाखू खात नाही' असं अगदी प्रामाणिकपणे सांगतो.

मृग बहाराची संत्री फेब्रुवारी-मार्चमध्ये बाजारात येतात. सकाळच्या लिलावात एका ढिगाकडून दुसऱ्याकडे चालत जावं लागतं. जानेवारीपासून पाच-सहा ढीग झाले की यांची छाती आवळायची. मग ते थांबायचे आणि फळ दाबून पाहिल्यासारखं करायचे. दोन महिने कोणाला कळलं नाही.

मार्चमधल्या एका बुधवारी रात्री झोपेतच छातीत दुखलं, वीसेक मिनिटं. गुरुवारी सकाळी वस्तीतल्या डॉक्टरांनी ईसीजी काढला, ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेलचा (दोन्ही रक्ताची गुठळी होऊ न देणारी औषधं) ३०० मिलिग्रॅमचा डोस दिला आणि धंतोली-रामदासपेठ भागातल्या आमच्या रुग्णालयात पाठवलं. ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाल्याची रक्तातली खूण, थोडं वाढलेलं होतं. शुक्रवारी उजव्या मनगटातून अँजिओग्राफी झाली. डाव्या मुख्य नसेत, म्हणजे लेफ्ट मेनमध्ये, ७० टक्के अडथळा. शिवाय हृदयाच्या तिन्ही प्रमुख नसा जागोजागी चुन्याने, म्हणजे साचलेल्या कॅल्शियमने, कडक आणि अरुंद झालेल्या. हृदयाची पंपिंग क्षमता ४५ टक्के, क्रिएटिनिन १.६, म्हणजे मूत्रपिंडंही थोडी थकलेली.

एवढ्यावर बायपासचा निर्णय व्हायला वाद झाला नाही. क्लोपिडोग्रेलचा परिणाम ओसरायला पाच दिवस लागतात, म्हणून मंगळवारची तारीख पडली. ॲस्पिरिन चालू राहिलं.

शनिवारी बायपासपूर्व नेहमीच्या तपासण्यांमध्ये मानेचा डॉपलर, म्हणजे नसांमधला रक्तप्रवाह पाहणारी सोनोग्राफी, झाला. डाव्या अंतर्गत कॅरोटिडमध्ये, म्हणजे मेंदूकडे रक्त नेणाऱ्या मानेतल्या नसेत, रक्ताचा वेग सेकंदाला ३४० सेंटिमीटर. हा वेग २३० च्या वर गेला की अडथळा ७० टक्के किंवा त्याहून जास्त धरतात. उजव्या बाजूला तो १५० होता, म्हणजे ५० ते ६९ टक्क्यांच्या गटात. अहवालाच्या शेवटी एका चौकोनात छापलेलं होतं: 'लक्षणरहित'. तो शब्द कोणी रुग्णाला विचारून लिहिलेला नव्हता. फॉर्म तसाच निघायचा. हे मला पुढे कळलं.

फाइलमध्ये नसलेली गोष्ट

रविवारी संध्याकाळी भूलपूर्व तपासणीसाठी मी खोलीत गेलो. मान, दात, तोंड किती उघडतं हे पाहिलं. डाव्या जबड्याखाली स्टेथोस्कोप ठेवला तेव्हा सूं-सूं आवाज स्पष्ट आला. मग नेहमीचा प्रश्न विचारला: कधी लकवा, बोबडी वळणं, हातापायात बधिरपणा?

"लकवा-गिकवा काही नाही झाला जी."

सून खिडकीशी डबा आवरत होती. ती म्हणाली, "मामाजी, त्या दिवशी लिलावात डोळ्याचं झालं होतं नं, ते सांगा नं."

"अवं ते तं मोतीबिंदूचं होय. डॉक्टरले काय सांगायचं त्याचं?"

मी खुर्ची ओढून बसलो. काय झालं होतं ते त्यांनी हाताने दाखवलं: दुकानाचं शटर वरून खाली येतं तसं. डाव्या डोळ्यावर. पाच-सात मिनिटांनी आपोआप उघडलं. एक डोळा झाकून पाहिला होता का, असं विचारलं. "पायलं ना. डावा झाकला तं तेवढंच दिसे. उजवा झाकला तं पुरा अंधार." चष्म्याच्या दुकानात दाखवलं, तिथे मोतीबिंदू आहे असं सांगितलं. मोतीबिंदू होताही. पण मोतीबिंदू पाच मिनिटांसाठी येऊन जात नाही.

ही घटना १९ दिवसांपूर्वीची होती.

कॅरोटिड कवटीत शिरल्यावर तिला फुटणारी पहिली मोठी फांदी डोळ्याकडे जाते. मानेतल्या साचलेल्या थरावरून एखादा बारीक कण सुटला तर तो त्याच बाजूच्या डोळ्यात अडकतो आणि विरघळेपर्यंत डोळा आंधळा होतो. पुढचा कण डोळ्याऐवजी मेंदूकडे गेला की उजवा हात जातो, वाचा जाते. म्हणजे शटर पडणं हा मेंदूच्या झटक्याचाच धाकटा भाऊ. फाइलमधला 'लक्षणरहित' हा शब्द चुकीचा होता, आणि त्या एका शब्दावर सगळा बेत उभा होता.

तो शब्द इतका महत्त्वाचा का, ते आकड्यांत पाहता येईल. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या नासेट चाचणीत, लक्षणं दिलेल्या आणि ७० ते ९९ टक्के अरुंद झालेल्या कॅरोटिडच्या रुग्णांना दोन वर्षांत त्याच बाजूचा झटका येण्याचं प्रमाण नुसत्या औषधांवर २६ टक्के होतं, नस साफ केल्यावर ९ टक्के. लक्षणं न दिलेल्या नसेची गोष्ट वेगळी. १९९५ च्या अकास चाचणीत पाच वर्षांचा धोका ११ टक्क्यांवरून ५ वर आला, आणि तो काळ कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या आजच्या स्टॅटिन गोळ्यांच्या आधीचा. एकीकडे आग लागलेली आहे, दुसरीकडे जुनी वायरिंग आहे. दोन्हीसाठी एकच घाई करता येत नाही.

सोमवारची बैठक

सोमवारी सकाळी एमआरआय करून घेतला. मूत्रपिंडं आधीच कुरकुरत होती आणि शुक्रवारीच त्यांच्यावर अँजिओग्राफीचं औषध गेलं होतं, म्हणून औषध न टोचता होणारी नसांची तपासणी केली. डाव्या कॅरोटिडच्या सुरुवातीला प्रवाह जवळजवळ तुटल्यासारखा दिसत होता. मेंदूच्या डाव्या अर्ध्यात, दोन मोठ्या नसांच्या हद्दीवर, माळेतल्या मण्यांसारखे तीन बारके डाग होते. त्यांची कसलीही लक्षणं रुग्णाला जाणवली नव्हती. छातीचा साधा सीटी केला तर हृदयातून निघणाऱ्या महाधमनीत चुन्याचे चकते. हे शेवटचं पाहून सर्जन बराच वेळ काही बोलले नाहीत.

दुपारी हृदयरोगतज्ज्ञ, हृदयशल्यविशारद, रक्तवाहिन्यांचे सर्जन, मेंदूविकारतज्ज्ञ आणि मी असे पाच जण बसलो. टेबलावर आलेले पर्याय असे होते.

नुसती बायपास, मान नंतर. लक्षणरहित एका बाजूच्या नसेसाठी आम्ही हेच केलं असतं, आणि तेही बिनधास्त. बायपासनंतर येणारे झटके बहुतेक वेळा मानेतून येत नाहीत. महाधमनीला चिमटा लावताना उडणारे कण, हृदयाचे अनियमित ठोके आणि पडलेला रक्तदाब हे मोठे गुन्हेगार. जर्मनी आणि चेक प्रजासत्ताकात झालेल्या काबाक्स चाचणीचे निकाल २०१७ साली आले. लक्षणरहित कॅरोटिडच्या रुग्णांत दोन्ही शस्त्रक्रिया एकत्र केल्यावर ३० दिवसांत झटका किंवा मृत्यू १८.५ टक्क्यांना, नुसत्या बायपासमध्ये ९.७ टक्क्यांना. रुग्ण पुरेसे न मिळाल्याने १२९ वरच चाचणी थांबली आणि तो फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. तरी विनाकारण मान उघडू नये एवढं शहाणपण त्यातून येतं. आमच्या रुग्णाची नस मात्र बोललेली होती. मेंदूविकारतज्ज्ञांनी हा पर्याय पहिल्या पाच मिनिटांत बाद केला.

मानेत स्टेंट, मग बायपास. ऐकायला सोपं वाटतं. अडचण गोळ्यांची. कॅरोटिड स्टेंटनंतर साधारण महिनाभर ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल दोन्ही लागतात. त्या काळात छाती उघडली तर रक्तस्राव, गोळी थांबवली तर स्टेंट बंद होण्याची भीती. लेफ्ट मेन ७० टक्के असलेल्या माणसाला महिनाभर थांबवायचं कसं? शिवाय कॅथेटर, म्हणजे स्टेंट नेणारी बारीक नळी, मानेपर्यंत जाणार महाधमनीच्या त्याच चुन्याच्या कमानीतून.

हृदयातही स्टेंट, बायपास नकोच. मुलाने इंटरनेटवर वाचून हा प्रश्न विचारला होता आणि प्रश्न रास्त होता. पण मधुमेह आणि तिन्ही नसा बाधित असताना बायपास वरचढ ठरते. २०१२ च्या फ्रीडम चाचणीत पाच वर्षांत मृत्यू, हार्ट अटॅक किंवा झटका यांपैकी काहीतरी स्टेंटच्या गटात २६.६ टक्क्यांना झालं, बायपासच्या गटात १८.७ टक्क्यांना. त्याच चाचणीत मेंदूचा झटका मात्र बायपासवाल्यांत जास्त होता, ५.२ विरुद्ध २.४ टक्के. लेफ्ट मेनचे रुग्ण तिच्यात घेतलेच नव्हते. म्हणून ती चाचणी आमच्या प्रश्नाचं थेट उत्तर नव्हती. तरी नसांमधला चुना पाहून हृदयरोगतज्ज्ञांनी स्वतःच हात वर केले.

आधी मान, तीही फक्त मानेपुरती भूल देऊन, आणि चार-पाच दिवसांनी बायपास. हा माझा आवडता पर्याय होता. रुग्ण जागा असतो, हातात पिळायचा रबरी चेंडू असतो, बोलतो. मेंदूला रक्त कमी पडलं तर कोणत्याही मॉनिटरच्या आधी तोच सांगतो. मेंदूविकारतज्ज्ञही याच बाजूला होते. लक्षणानंतर पहिल्या दोन आठवड्यांत नस साफ करण्याचा फायदा सर्वांत जास्त असतो, पुढे तो उतरत जातो. आमचे दोन आठवडे चष्म्याच्या दुकानात गेले होते. आता आणखी वेळ दवडू नये, असं त्यांचं म्हणणं. हरकत सर्जनांची होती: टेबलावर जागं राहण्याचा ताण लेफ्ट मेन सोसेल का?

दोन्ही एकाच भुलेत. १९७२ पासून असे अनुभव छापले जात आहेत आणि पन्नास वर्षांनीही यावर एकमत नाही. एकत्र शस्त्रक्रियेच्या जुन्या नोंदींत महिनाभरात मृत्यू, झटका किंवा हार्ट अटॅक यांपैकी काहीतरी होण्याचं प्रमाण साधारण दहात एक असं दिसतं. अर्थात ही शस्त्रक्रिया ज्यांच्यावर करतात ते मुळातच सर्वांत आजारी असतात.

बैठक संपली तेव्हा कौल 'आधी मान'कडे होता, तीन विरुद्ध दोन. बुधवारी मान आणि पुढच्या सोमवारी छाती असं ठरवून आम्ही उठलो.

निर्णय उलटला ती रात्र

सोमवारी रात्री सव्वादोनला रुग्णाच्या छातीत पुन्हा दुखलं. पलंगावर, झोपेत, नसा सैल करणाऱ्या नायट्रोग्लिसरीनचं इंजेक्शन चालू असताना. ईसीजीत सहा लीडमध्ये एसटी रेषा खाली गेलेली, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडत असल्याची खूण. औषध वाढवून दुखणं थांबलं, पण वरचा रक्तदाब ९८ वर आला. डाव्या कॅरोटिडमधून जेमतेम रक्त जात असताना ९८ हा आकडा मला पाहवत नव्हता.

इथेच या प्रकरणाची कोंडी उघडी पडते. हृदयाला आराम द्यायचा तर दाब कमी हवा. मेंदूला रक्त पोचवायचं तर दाब जास्त हवा. एकाची औषधं दुसऱ्याला मारतात. अशा वेळी एक भाग दुरुस्त करून दुसऱ्याला पाच दिवस ताटकळत ठेवण्यात अर्थ उरत नाही. मंगळवारी सकाळी सात वाजता आम्ही पुन्हा भेटलो, या वेळी उभ्याउभ्याच. पंधरा मिनिटांत ठरलं: बुधवारी दोन्ही एकत्र. आधी मान, मग धडधडत्या हृदयावर बायपास, आणि महाधमनीला हातही लावायचा नाही.

शेवटचं वाक्य सर्जनांचं होतं आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचं तेच. नेहमीच्या बायपासमध्ये पायातली नस महाधमनीला जोडतात, त्यासाठी तिला चिमटा लावतात. इथे त्या चुन्याला चिमटा लावणं म्हणजे मान साफ करून कमावलेलं सगळं घालवणं. म्हणून छातीतली डावी धमनी मूळ जागीच जोडलेली ठेवायची, तिला डाव्या हातातली धमनी इंग्रजी वाय अक्षरासारखी जोडायची, आणि त्या दोघींनीच तिन्ही भाग भरून काढायचे. छातीतल्या दोन्ही धमन्या वापरता आल्या असत्या, पण मधुमेहात त्यामुळे छातीचं हाड चिघळण्याची भीती वाढते. अँजिओग्राफी उजव्या मनगटातून झाली होती, त्यामुळे डावा हात शाबूत होता. हा नशिबाचा भाग.

कुटुंबाशी बोलणं

मंगळवारी दुपारी मुलगा, सून आणि रुग्णाचे थोरले भाऊ समोर बसले. घरात शब्द भावाचा चालतो हे पाच मिनिटांत कळलं. त्यांनी विचारलेला प्रश्न मी नंतर विद्यार्थ्यांना अनेकदा सांगितला आहे: "साहेब, दोन्ही एकदम करता म्हणजे दोन्हीच्या धोक्याची बेरीज होते का?"

बेरीज होत नाही, वजाबाकीही होते, असं मी सांगितलं. दोन भुलींऐवजी एक. वाट पाहण्याच्या पाच दिवसांतला धोका गेला. पण एकाच दिवशी शरीरावर पडणारा घाव मोठा. मग दहात एक हा आकडा सांगितला आणि दहा बोटं पुढे करून एक दुमडलं. खोलीत शांतता झाली. रुग्ण स्वतः वरच्या मजल्यावर होते. त्यांना किती सांगायचं यावर भाऊ म्हणाले, "त्याले सांगू नका, घाबरून जाईन." मी नाही म्हटलं. संध्याकाळी रुग्णाला सगळं सांगितलं. ते म्हणाले, "लिलावात बोली एकदाच लावा लागते जी. लावा." सही त्यांनीच केली.

विमा कंपनीची मंजुरी फक्त बायपासची आली होती. मानेच्या शस्त्रक्रियेसाठी नवा कागद, नवे अहवाल, आणि एमआरआय 'का केला' याचं स्पष्टीकरण मागितलं गेलं. यात मंगळवारची संध्याकाळ गेली. मंजुरी बुधवारी सकाळी शस्त्रक्रिया सुरू झाल्यावर आली.

शस्त्रक्रिया

बुधवारी सव्वाआठला भूल दिली. कपाळावर दोन्ही बाजूंना मेंदूतला ऑक्सिजन मोजणाऱ्या पट्ट्या लावल्या. डावीकडे ६२, उजवीकडे ६६. एक जण मान उघडत होता, त्याच वेळी दुसरा डाव्या हातातली धमनी काढत होता.

रक्त गोठू न देणारं हेपरिन देऊन कॅरोटिडला चिमटे लावले तेव्हा डावा आकडा मिनिटभरात ४७ वर आला. पाचव्या हिश्शाहून जास्त घट झाली की वाट पाहायची नाही. सर्जनांनी नसेत तात्पुरती नळी टाकून रक्त वळवलं आणि आकडा ५९ पर्यंत परतला. आतला थर सालीसारखा सुटून निघाला. त्यावर एक खड्डा होता आणि खड्ड्यात ताजी, मऊ गाठ. त्या गाठीकडे पाहताना 'लक्षणरहित' हा शब्द पुन्हा आठवला. नस नुसती शिवली तर पुन्हा अरुंद होते, म्हणून गाईच्या हृदयावरणाचं ठिगळ लावलं. मानेची जखम लगेच बंद केली नाही. पुढे पुन्हा हेपरिन लागणार होतं, आणि मानेत रक्त साचलं तर श्वासनलिका दाबली जाते. जखम भरून झाकून ठेवली.

छातीकडे वळलो. पहिला जोड, समोरच्या नसेचा, सुरळीत झाला. हृदयाच्या मागच्या बाजूच्या नसेसाठी हृदय उचलून कलवावं लागतं. तसं केल्यावर सरासरी दाब ५२ वर घसरला. मी दोन मिनिटांची मुदत मनात धरली होती. दाब वाढवणारं नॉरॲड्रिनलीन, टेबल डोक्याकडे उतरतं, थोडा द्रव. दाब ५८. सर्जनांना हृदय खाली ठेवायला सांगितलं. त्यांनी ठेवलं, कुरबुर न करता, आणि हे सगळ्या ऑपरेशन थिएटरांत घडत नाही. हार्ट-लंग मशीन जोडायचं का हा प्रश्न त्या क्षणी खरा होता. पण नेहमीच्या पद्धतीने ते जोडायचं तर नळी महाधमनीतच घालावी लागणार होती. सात मिनिटं थांबलो. दाब ८० वर आल्यावर पुन्हा, या वेळी कमी कलवून, जोड पूर्ण केला. तिसरा जोड सोपा गेला. साडेतीनला हेपरिन उतरवून मानेत नळी ठेवून जखम शिवली.

नंतरचे दिवस

रात्री साडेनऊला रुग्णाने डोळे उघडले. उजव्या हाताने माझं बोट दाबलं आणि सांगितल्यावर पाय हलवला. श्वासाची नळी काढल्यावर पहिला शब्द "पाणी" होता. तो स्पष्ट होता, पण आवाज घोगरा. जीभ बाहेर काढायला सांगितली तर ती डावीकडे वळत होती. मानेतल्या शस्त्रक्रियेत जिभेच्या आणि आवाजाच्या मज्जातंतूंना ताण बसतो. हे आम्ही आधी सांगितलं होतं, तरी लिलावात बोली लावणाऱ्या माणसाला आवाज गेल्याचं दुःख छातीच्या टाक्यांपेक्षा मोठं होतं.

दुसऱ्या दिवशी हृदयाचे ठोके अनियमित झाले. बायपासनंतर दर तीन-चार जणांत एकाला हे होतंच. अमिओडॅरोनने ३० तासांत ताल परतला. रक्त पातळ करणारं औषध द्यायचं का यावर पुन्हा चर्चा झाली. मानेची ताजी जखम पाहून ॲस्पिरिनवरच थांबलो.

आमची चूक चौथ्या दिवशी झाली. रुग्ण अतिदक्षता विभागातून वॉर्डात गेला. कॅरोटिड साफ झाल्यावर मेंदूच्या त्या बाजूला, इतकी वर्षं कमी रक्तावर जगलेल्या भागात, एकदम जोरात रक्त येतं. दाब वाढला तर तिथे सूज येते, आकडी येते, क्वचित रक्तस्राव होतो. म्हणून वरचा दाब १४० च्या खाली ठेवायचा, अशी सूचना आयसीयूच्या तक्त्यावर होती. वॉर्डात नेहमीच्या बायपास रुग्णाचा तक्ता लागला: दाब सहा तासांनी, कळवायची मर्यादा १८०. संध्याकाळी डावं डोकं ठणकत असल्याची तक्रार आली आणि पॅरासिटामॉल दिलं गेलं. रात्री आठला सून परिचारिकेला म्हणाली, "डोकं थांबूनच नाही राहिलं, एकदा बीपी पाहून घ्या नं." १७८ वर ९६.

पुढचं सगळं वेगाने झालं: दाब उतरवणारं लॅबेटॅलॉल, सीटी, पुन्हा आयसीयू. सीटी स्वच्छ निघाला. दाब १३० पर्यंत उतरल्यावर तीन तासांत डोकं शांत झालं. या माणसाला दोनदा सुनेने वाचवलं, यात मला अतिशयोक्ती वाटत नाही.

अकराव्या दिवशी घरी सोडलं.

काय वेगळं करता आलं असतं

डोळ्याची गोष्ट शुक्रवारीच विचारली गेली असती तर एमआरआय शनिवारी झाला असता आणि निर्णय धावपळीत झाला नसता. आम्ही सगळे 'लकवा' विचारत होतो. रुग्णाच्या मनात लकवा म्हणजे अंगाची एक बाजू गेलेला माणूस. त्याने खरं उत्तर दिलं, प्रश्नच कच्चा होता. आता आमच्या तपासणीच्या कागदावर 'दृष्टिदोष' या शब्दाऐवजी 'एका डोळ्यावर शटर पडल्यासारखं झालं का' असं छापलेलं आहे, आणि ते रुग्णाबरोबर राहणाऱ्यालाही विचारायचं आहे. डॉपलरच्या अहवालातून तो चौकोन काढून टाकला.

सोमवारचा माझा कौल, आधी मान, तो चूक होता का? मला अजून तसं वाटत नाही. रात्रीचं दुखणं आलं नसतं तर तोच रस्ता बरोबर ठरला असता असं मी आजही म्हणेन. आमचे सर्जन म्हणतात की लेफ्ट मेन असताना तो विचारच नको होता. आमच्या रुग्णाला चांगलं झालं म्हणून त्यांचं म्हणणं सिद्ध होत नाही, आणि माझंही नाही. एका रुग्णावरून एवढंच दिसतं की त्या दिवशी ते जमलं.

हृदय उचलताना पडलेल्या दाबाबद्दल मात्र मी स्वतःला माफ केलेलं नाही. ५२ चा आकडा दिसण्याआधी ६० दिसला होता, आणि मी तेव्हाच बोलायला हवं होतं. मानेतली दुरुस्त नस नवी होती, उजवीकडची अर्धी बंद होती. साठाखाली काही सेकंदही फुकटचे नव्हते.

वॉर्डाच्या तक्त्याचा बदल सोपा होता आणि म्हणूनच तो आधी न सुचल्याची लाज वाटते. मान आणि छाती दोन्ही झालेल्या रुग्णाच्या पलंगाला आता वेगळी पट्टी असते: दाब तासाला, ७२ तास, मर्यादा १४०, डोकं दुखलं तर आधी फोन, मग गोळी.

आजची स्थिती

सहा आठवड्यांनी डाव्या बाजूचा डॉपलर मोकळा. जीभ दोन महिन्यांत सरळ झाली, आवाजाला तीन महिने लागले. एप्रिल आणि मे घरातच काढले. नागपूरच्या उन्हात अंगातलं पाणी आटलं की दाबाच्या गोळ्या जास्त लागू पडतात, आणि उजवी कॅरोटिड अजून अरुंदच आहे. म्हणून मे महिन्यात एक गोळी अर्धी केली आणि रोज सकाळी घरच्या यंत्रावर दाब लिहायला लावला. वही सून ठेवते.

आंबिया बहाराच्या हंगामात ते कळमन्याला परत गेले. सध्या लिलाव मुलगा करतो, ते खुर्चीवरून पाहतात. उजव्या बाजूचा पुढचा डॉपलर फेब्रुवारीत आहे. मागच्या भेटीत मी खर्ऱ्याचं विचारलं तेव्हा त्यांनी तोंड मिटूनच मान हलवली, आणि तोंड मिटलेलं का आहे ते मला वासावरून कळलं.